निळा पंप दोघांचा, खोकला तिसरीचा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. सासरे ६४ वर्षांचे. खाणी जोरात चालू होत्या तेव्हा खनिजाचा ट्रक चालवायचे. बिडी जुनी, आता 'दिवसाला दोनच' म्हणतात. गेली तीन-चार वर्षं चालताना धाप लागते, देवळाच्या पायऱ्या चढताना मध्ये बसावं लागतं, अंगानेही उतरलेत. डॉक्टरांनी निळा पंप दिलाय. माझा मुलगा नऊ वर्षांचा. पावसाळा लागला की रात्री खोकतो, छातीत सूं सूं वाजतं, मग महिना-महिना काहीच नसतं. त्यालाही तोच निळा पंप. आणखी एक तपकिरी पंप रोज घ्यायला सांगितला होता, पण त्यात स्टेरॉइड असतं असं कळलं म्हणून आम्ही तो आठवड्यात बंद केला. नणंद म्हणते, आजोबांचा दमा नातवाला आला. शेजारी म्हणतात, पंपाची सवय लागली की जन्मभर सुटत नाही, त्यापेक्षा मृगाला हैदराबादला जाऊन माशातलं औषध घ्या. सासूबाईंनाही खोकला असतो, पण तो नेहमीचाच, चुलीपाशी बसतात ना. दोघांना एकच आजार आहे का? पंप ठेवू की सोडू? मुलगा शाळेत फुटबॉल खेळतो, सासरे म्हणतात बंद कर. काय करू?
– एक सून, डिचोली"

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारलंत दोघांबद्दल, पण पत्र वाचताना मी अडखळले ती सासूबाईंच्या त्या ओझरत्या वाक्याशी. त्याकडे येतेच. आधी तुमच्या प्रश्नांना सरळ उत्तर. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोघांचा आजार एक दिसत नाही. मुलाचा दमा वाटतो, सासऱ्यांचा बहुधा सीओपीडी, म्हणजे वर्षानुवर्षांच्या धुराने आणि धुळीने झालेलं फुप्फुसाचं कायमचं नुकसान. पत्रावरून निदान करता येत नाही, ते कसं पक्कं करायचं ते पुढे सांगते. आणि पंप सोडायचा नाही. उलट जो तपकिरी पंप तुम्ही बंद केलात, मुलाचा खरा इलाज तोच होता.

या सगळ्या आजारांत एक गोष्ट सारखी असते: हवा आत जाते, बाहेर पडताना अडते. माणसाला वाटतं आपल्याला श्वास घेता येत नाही. खरं तर आधीचा श्वास पुरता सोडून झालेला नसतो, म्हणून पुढच्याला आत जागा नसते. म्हणून तर धाप लागलेला माणूस गुडघ्यांवर हात टेकून, ओठ आवळून हवा बाहेर ढकलत बसतो. पण हवा का अडते, याची कारणं वेगवेगळी आहेत आणि औषध ठरतं ते कारणावरून.

मुलाचं बघा. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. ही सूज कायम थोडीफार असतेच, त्रास नसला तरी. त्यात सर्दी झाली, बुरशीचा वास नाकात गेला, कोणी अगरबत्ती लावली, की नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि छाती वाजायला लागते. औषधाने किंवा आपोआप ते सुटतं, मूल दुसऱ्या दिवशी अंगणात धावतं, आणि घरच्यांना वाटतं गेला आजार. रात्री आणि पहाटे जास्त, मधले दिवस एकदम चांगले, ही दम्याची जुनी खूण. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, गाद्या-गोधड्या सादळतात, त्यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे आणि बुरशी वाढते, म्हणून जून लागला की या मुलांचं सुरू होतं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी माळ्यावरून गणपतीवर टांगायच्या माटोळीची चौकट आणि वर्षाचं सामान खाली काढता ना, त्या दिवशी मुलाला मामाकडे पाठवा. ही थट्टा नाही. दिवाळीत नरकासुराचा पुतळा जाळतात त्या रात्रीही त्याला धुराजवळ उभं करू नका, लांबून बघू दे.

सासऱ्यांचं वेगळं. फुप्फुसाच्या टोकांना कोट्यवधी बारीक वायुकोश असतात, त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. बिडीच्या धुराने या भिंती विरत जातात, लहान-लहान कोश एकमेकांत मिसळून मोठे पोकळ खड्डे होतात. याला एम्फिसीमा म्हणतात. जुन्या पायजम्याचं इलास्टिक जसं ओढलं की तसंच राहतं, तसं हे फुप्फुस फुगतं पण आपणहून मिटत नाही. आतली हवा आतच राहते, छाती पिंपासारखी पुढे येते, आणि नुसता श्वास घेण्यातच इतकी ताकद जाते की माणूस झिजतो. भिंती एकदा गेल्या की परत येत नाहीत. शिवाय खाणीच्या रस्त्यांवरची ती लाल धूळ त्यांनी किती वर्षं खाल्ली असेल! खिडक्या उघड्या ठेवून टिपर हाकणाऱ्यांच्या भुवयासुद्धा लाल असायच्या, हे आपल्या भागातल्या कोणाला सांगायला नको. धूळ एकटीही फुप्फुस बिघडवते, बिडीसोबत आणखीच.

म्हणजे नणंदेचं म्हणणं अर्धं बरोबर. दम्याची आणि अॅलर्जीची ओढ घराण्यात उतरू शकते. पण आजोबांची धाप नातवाला आली असं नाही, ती त्यांनी स्वतः कमावलेली आहे. जन्मजात एका प्रथिनाच्या कमतरतेने होणारा एम्फिसीमा असतो, पण तो दुर्मिळ. तुमच्या घरात बिडी आणि ट्रक असताना तिकडे जायचं कारण नाही.

आता सासूबाई. "नेहमीचाच खोकला" हे वाक्य मी बायकांच्या तोंडून क्वचित ऐकते, ऐकते ते त्यांच्या घरच्यांच्या तोंडून. बाई स्वतः तेवढंही बोलत नाही. गोव्यात आता जवळपास घरोघर गॅस आला. तरी न्हाणीतलं पाणी नारळाच्या सोडणं-करवंट्यांवरच तापतं, पेजेचं मडकं चुलीवरच चढतं, आणि भात उकडायचा असला की धुरात अख्खा दिवस जातो. पावसात लाकूड ओलं, चुडतं, म्हणजे माडाची झावळं सादळलेली, जाळ कमी आणि धूर जास्त. न्हाणीला उजेड येण्यापुरतं भोक असतं. त्यात बाई ओणवी होऊन फुंकते, पदराने डोळे पुसते, खोकते, पुन्हा फुंकते. हे रोज, लग्न होऊन आल्यापासून. तिने आयुष्यात बिडी हातात धरलेली नसते, पण तिच्या श्वासनलिका बिडीवाल्यासारख्याच झालेल्या असतात. आतलं अस्तर जाड होतं, कफ करणाऱ्या ग्रंथी वाढतात, कफ वर ढकलणारी सूक्ष्म केसांची झालर झडते. मग सकाळी उठल्यावर बराच वेळ खाकरल्याशिवाय छाती मोकळी होत नाही. सार्वजनिक जागी धूम्रपान करायला गोव्याने १९९७ सालीच कायद्याने बंदी घातली, देशाचा कायदा २००३ चा. न्हाणीतल्या धुराची मात्र कोणी दखल घेत नाही, घरातलेसुद्धा.

अशा खोकल्याला जुनाट ब्राँकायटिस कधी म्हणायचं याचं माप ठरलेलं आहे: लागोपाठ दोन वर्षं, वर्षातून किमान तीन महिने बेडका पडणारा खोकला, आणि त्याला दुसरं कारण नसणं. तुम्ही एवढंच आठवा, जूनमध्ये सुरू झालेला त्यांचा खोकला चवथ होऊन गेल्यावरही असतो का? गेल्या वर्षीही होता का? दोन्हीला हो असेल तर तो "नेहमीचा" नाही, तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. पण त्याआधी एक काम. दोन आठवड्यांवर टिकलेला कोणाचाही खोकला असो, थुंकी टीबीसाठी तपासून घ्यायची. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट होते. सोबत छातीचा एक्स-रे. सासऱ्यांचाही काढाच. इतकी वर्षं बिडी ओढलेला माणूस अंगाने उतरतो तेव्हा ते सीओपीडीने असू शकतं, टीबीने असू शकतं, आणि कॅन्सरनेही. थुंकीत रक्ताचा ठिपका दिसला, आवाज बसून राहिला, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

एक्स-रेने टीबी-कॅन्सरची शंका घेता येते, पण हवा किती अडते ते कळत नाही. त्याला स्पायरोमेट्री लागते, म्हणजे फुंकायची तपासणी. बसवतात, नाकाला चिमटा लावतात, छाती भरून श्वास घ्यायला लावतात आणि नळीत एका दमात जोराने फुंकायला सांगतात. तंत्रज्ञ बाजूला उभा राहून "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका" असा ओरडत असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं हा आपल्यावर चिडलाय. चिडलेला नसतो, सहा सेकंदं तरी हवा सोडत राहायला हवी म्हणून तो आरडाओरडा. यंत्र बघतं की एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली. प्रौढांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली असेल तर वाट अडलेली आहे. मग पंप देतात, पंधरा-वीस मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. दुसऱ्या वेळी पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरनी वाढली, तर वाट सुटणारी आहे, कल दम्याकडे. पंप घेऊनही ते प्रमाण ७० च्या खालीच राहिलं तर कल सीओपीडीकडे. मधल्या चांगल्या दिवसांत मुलाची तपासणी एकदम साफ येऊ शकते, त्यावरून दमा नाही असं म्हणायचं नाही. डॉक्टर मग घरी पीक-फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा जोर मोजणारी छोटी नळी देऊन सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहून ठेवायला सांगतात.

जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने हे यंत्र १८४६ मध्ये लोकांपुढे ठेवलं. रक्तदाबाचं यंत्र त्याच्या कितीतरी नंतरचं, पण ते प्रत्येक दवाखान्यात टेबलावर असतं आणि हे नसतं. मग धाप लागली की सरसकट "दमा" लिहून निळा पंप हातात ठेवला जातो. तुमच्या घरी नेमकं हेच झालंय. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या छातीरोग विभागात ही तपासणी होते, बऱ्याच खासगी छातीरोग तज्ज्ञांकडेही. दिवस आणि वेळ आधी विचारून जा. निळा पंप आदल्या चार ते सहा तासांत घेऊ नका, म्हणजे आकडे खरे येतील. अर्थात धाप लागली तर घ्याच. तिघांनाही न्या.

पंपांचं आता. निळ्यात साल्ब्युटामॉल असतं. (रंगावर जाऊ नका, डब्यावरचं नाव वाचा.) ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं, चार-सहा तास टिकतं. सुजेला ते हातही लावत नाही. सूज उतरवतो तो तपकिरी, स्टेरॉइडवाला. निळ्याने लगेच बरं वाटतं म्हणून लोक तोच घेत राहतात, सूज आत वाढत राहते, आणि एका रात्री निळा पुरत नाही. २०१९ पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात प्रौढांना आणि वयात आलेल्या मुलांना नुसत्या निळ्यावर ठेवू नका असं स्पष्ट म्हटलंय. लहान मुलांतही रोख तोच. निळा पंप महिन्याभरात संपत असेल, तर ती "सवय" लागल्याची खूण नव्हे, इलाज अपुरा असल्याची आहे.

स्टेरॉइडची भीती मला कळते. पण हिशेब करून बघा. नऊ वर्षांच्या मुलाला पंपातून दिवसाला साधारण २०० मायक्रोग्रॅमपर्यंत औषध जातं, तेही थेट फुप्फुसात. दमा उखडल्यावर तोंडाने जी गोळी द्यावी लागते, ती एकच १० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, पन्नास पट, आणि ती सगळ्या अंगात फिरते. पंप टाळून तुम्ही स्टेरॉइड टाळत नाही, मोठ्या डोसची वेळ आणता. रोजच्या पंपाने मुलाच्या उंचीत सेंटिमीटरभर फरक पडू शकतो, हे लपवत नाही. आटोक्यात नसलेल्या दम्यानेही वाढ खुंटते आणि झोप, शाळा बुडते ती वेगळीच. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. आणि तो आपल्या मनाने बंद करू नका. काही महिने दमा शांत राहिला की डॉक्टर स्वतःच डोस उतरवतात.

पंप घेण्याची पद्धत मात्र एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवा, कारण घोळ बहुतेक तिथेच असतो. माणूस तोंड उघडतो, बटण दाबतो, जिभेवर फवारा बसतो, तोंडातून पांढरी वाफ बाहेर येते, आणि तो सांगतो "काही उपयोग होत नाही". औषध छातीत गेलंच नाही तर होणार कसा? मुलाला स्पेसर घ्या, ती प्लास्टिकची नळकांडी. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एकदा दाबायचा, मग सावकाश श्वास आत ओढून दहापर्यंत मोजेस्तोवर रोखायचा. रोखता येत नसेल तर चार-पाच शांत श्वास स्पेसरमधूनच. दुसरा फवारा हवा तर पुन्हा पहिल्यापासून. सासऱ्यांनीही स्पेसरच वापरावा. म्हाताऱ्या हातांना दाबणं आणि ओढणं एका वेळी जमत नाही. कॅप्सूलचा पंप असेल तर उलट, तिथे जोरात आणि खोल ओढायचं.

मुलाचा तपकिरी पंप आजोबांना देऊन बघू नका. सीओपीडीत पाया असतो तो दिवसभर नळ्या मोकळ्या ठेवणारा, टायोट्रोपियमसारखा पंप. स्टेरॉइड त्यात सरसकट लागत नाही, वारंवार उखडणाऱ्यांना रक्ततपासणी बघून देतात, कारण त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घालत असतील तर तेही सोबत न्या. काही थेंबांनीसुद्धा श्वासनलिका आवळतात आणि हे रुग्णाच्या कधी लक्षात येत नाही.

आणि "दिवसाला दोनच" हे बिडी सोडणं नव्हे. फ्लेचर आणि पीटो या ब्रिटिश संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की गेलेली ताकद परत येत नाही, पण धूम्रपान सुटलं की पुढची घसरण जवळजवळ न ओढणाऱ्याच्या गतीवर येते, साठीनंतर सोडलं तरी. म्हणजे पायऱ्या आत्ता मध्ये बसून का होईना चढताहेत, ते चढणं टिकवता येतं. निकोटिनचा च्युइंगगम, पॅच असतो, डॉक्टरांकडे मागा. दरवर्षी फ्लूची लस, आणि न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकलची लस केव्हा ते विचारून. रोज सपाटीवर चालणं, दमल्यावर थांबून पुन्हा चालणं. घरी बसून राहिले तर पायांचे स्नायू जातात आणि धाप आणखी लवकर लागते. चालताना नाकाने दोन आकडे श्वास आत, शीळ घालायच्या ओठांनी चार आकडे बाहेर, हे त्यांना आजच शिकवा. करोनानंतर कोणाच्या तरी माळ्यावर ऑक्सिजनचं यंत्र पडून असतं, ते आणून लावू नका. सीओपीडीत जास्त ऑक्सिजनही बाधतो, डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ टक्क्यांवर ठेवतात.

सासूबाईंसाठी औषधाइतकंच महत्त्वाचं, न्हाणीसाठी सोलर गीझर. घरात पैसे कशाकशावर जातात ते मी बोलणार नाही. तोवर लाकूड सुकं, दार उघडं, आणि पाणी तापवायला आळीपाळी, फक्त नातवाला सोडून. डासांची कॉइलही बंद करा. एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण मोजले गेलेत. मच्छरदाणी बरी.

हैदराबादचा प्रश्न राहिला. त्या माशातल्या औषधाने दमा बरा होतो याला पुरावा नाही. दम्याच्या मुलाने भर गर्दीत जिवंत मासा गिळावा असं मला अजिबात वाटत नाही. अडुळसा, मध, आलं घशाला बरं वाटायला घ्या, पंपाच्या ऐवजी नको. फेणी छातीला चोळली तर वास येतो, बाकी काही होत नाही. केळी, दही उगाच तोडू नका, खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो असं दिसलं तरच.

रात्री मुलाचा दमा उखडला तर त्याला बसतं करा, स्पेसरमधून निळ्याचे चार फवारे, एकेक करून. वीस मिनिटांनी पुन्हा, तासाभरात तीन वेळा. उतार नसेल, किंवा वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर झाले, मूल पेंगायला लागलं, किंवा छाती वाजायची अचानक थांबूनही त्रास वाढतोय असं दिसलं, तर तासही थांबू नका, १०८. वाटेत निळा चालूच ठेवा. आजोबांसाठी गाडी बोलावली तर सीओपीडी आहे हे आल्याआल्या सांगा.

फुटबॉल बंद करायचा नाही. खेळताना छाती वाजत असेल तर त्याचा अर्थ दमा आटोक्यात नाही, म्हणजे इलाज वाढवायचा, खेळ कमी करायचा नाही. तपकिरी पंप डॉक्टरांना विचारून याच आठवड्यात परत सुरू करा. सुरुवातीला मैदानात उतरण्याआधी पंधरा मिनिटं निळ्याचे दोन फवारे लागतील, पुढे तेही लागणार नाहीत. खेळाच्या आधी थोडं धावून अंग गरम करू दे. निळा पंप आणि स्पेसर घरी कपाटात नको, दप्तराच्या बाहेरच्या खणात ठेवा, आणि पीटीच्या सरांना तो कसा द्यायचा ते एकदा समोर करून दाखवा.